सुरू होता होता

बंद पडलेले घड्याळ आणि सुरूच न होणारे घड्याळ या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. बंद पडलेले घड्याळ निदान आपली शेवटची वेळ तरी सांगते. आमच्या शाळेच्या ऑफिसातले भिंतीवरचे घड्याळ मध्यंतरी कित्येक महिने पावणेचार वाजवून बसले होते. कोणी त्याच्यावर रागावले नाही. उलट लहान मुलांना 'पावणेचार' म्हणजे काय हे शिकवायला त्याच्याइतके आज्ञाधारक साधन मला दुसरे मिळाले नाही. सुरू न होणाऱ्या घड्याळाची तऱ्हा निराळी. बटण दाबले की ते थरथरते, काचेवर कंपनीचे चिन्ह उमटवते आणि तिथेच थांबते. दारात उभा राहून चपला न काढणारा आणि परतही न जाणारा पाहुणा घरच्या माणसांना ना बसू देतो ना उठू देतो, तसे ते आपल्याला खोळंबून ठेवते. माझ्याही दोन कादंबऱ्या पहिल्या प्रकरणावर अशाच थांबलेल्या आहेत. पण त्यांच्यावाचून कोणाचे अडलेले नाही.

या घड्याळावाचून मात्र अडले होते. २०२५ च्या पावसाळ्यात ते आमच्या घरी आठवडाभर असे उंबरठ्यावर उभे होते. ते माझे नव्हे, माझ्या सासऱ्यांचे. नानांचे वय अठ्ठ्याहत्तर. जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडीत आमचे दोन खोल्यांचे घर आहे, आणि त्यात नाना, आम्ही उभयता आणि कॉलेजात जाणारी मुलगी अशी चार माणसे एकमेकांना चुकवीत सुखाने राहतो. उमेदीची वर्षे नानांनी लोअर परळच्या एका कापडगिरणीत विणाई खात्यात फिटर म्हणून काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा बाहेर पडलेल्या सुमारे अडीच लाख कामगारांत तेही होते, आणि त्यांतल्या पुष्कळांसारखे तेही पुन्हा आत गेले नाहीत. पुढे माजासच्या एका गाळ्यात डोळ्यांनी साथ दिली तोवर त्यांनी लेथ चालवला. त्यांना निवृत्त म्हटलेले खपत नाही. "निवृत्ताला पेन्शन असते," असे ते म्हणतात.

मार्चमध्ये एकदा जिना चढताना त्यांना चक्कर आली. डॉक्टरांनी तपासले, नाडीची चाल अधूनमधून चुकते असे सांगितले आणि गोळ्या सुरू केल्या. घरात बोलणी झाली. मी बाराला शाळेत जाते ती सहाला परतते, ह्यांची नोकरी ठाण्याला, मुलीचे कॉलेज. दुपारभर नाना एकटे. त्यावर उपाय म्हणून ह्यांनी ते घड्याळ आणले. ठोके मोजणारे, पावले मोजणारे, माणूस कुठे कुठे गेला त्याचा नकाशा काढून ठेवणारे. कंपनीचे नाव लिहिण्यात अर्थ नाही. हा रोग कुणा एका घराण्याचा नाही.

आता यातली गंमत सांगते. नानांचा फोन बटणांचा, साधा. म्हणून घड्याळ जोडले माझ्या फोनशी, आणि माझा फोन माझ्याबरोबर शाळेत. असल्या घड्याळाचा फोनशी संवाद चालतो तो आठ-दहा मीटरांच्या आत. म्हणजे ज्या दुपारसाठी ते आणले त्या दुपारी ते मला काहीही कळवू शकत नव्हते. संध्याकाळी मी घरात पाऊल टाकले की दिवसभराची हकीकत एकदम सांगे. हे घरात सर्वांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते आणि कोणी बोलून दाखवले नाही. हातावर काहीतरी आहे एवढ्यानेच दुपार थोडी हलकी झाली होती, आणि पैसे आम्ही खरे तर तेवढ्यासाठीच मोजले होते.

नानांनी ते बांधून घेण्यापूर्वी उलटे करून पाहिले. पाठीवर दोन हिरवे दिवे लुकलुकत होते. मुलीने त्यांना समजावले, की रक्त हिरवा उजेड शोषून घेते. ठोक्यासरशी मनगटात रक्त भरते तेव्हा उजेड कमी परततो, ओसरते तेव्हा जास्त, आणि त्या कमी-जास्तीवरून घड्याळ ठोके मोजते. नाना म्हणाले, "म्हणजे हा आतून बघतो." मग त्यांनी ते उजव्या हातावर बांधले. डावा मोकळा नव्हता. तिथे १९७४ च्या दिवाळीच्या बोनसातून घेतलेले एचएमटी जनता आहे, रोज सकाळी चहाच्या आधी चावी द्यावी लागणारे. ज्या कंपनीने ते केले तिचा घड्याळांचा धंदा २०१६ साली गुंडाळण्याचे ठरले. नानांच्या मनगटावर त्याची वर्दी पोहोचलेली नाही.

दुपारी ऊन उतरले किंवा पाऊस थांबला की नाना फिरायला निघत, आणि नातीने शिकवल्याप्रमाणे निघताना बटण दाबीत. रात्री माझ्या फोनवर त्या फेरफटक्याची निळी रेघ उमटे. घरापासून निघून, श्यामनगरच्या तलावाला वळसा घालून ती गुंफांपाशी येई आणि तुटे. जोगेश्वरीच्या गुंफा सहाव्या शतकातल्या. त्या डोंगरावर चढून पाहायच्या नाहीत, जमिनीत उतरून पाहायच्या. चारी बाजूंनी वस्ती अंगावर आलेली, पायऱ्या उतरून गेले की वर खडक आणि खाली काळोख. घड्याळाला आपण कुठे आहोत ते उपग्रहांकडून कळते, आणि उपग्रह दिसायला आकाश लागते. तेव्हा खांबांच्या आड जाऊन बसलेले नाना चाळीस-पन्नास मिनिटे पृथ्वीच्या नकाशावरून नाहीसे होत आणि मग पायऱ्यांपाशी पुन्हा उगवत. तिथे करतात काय, असे मी एकदा विचारले. "बसतो," असे उत्तर आले. मी पुढे विचारले नाही. मुंबईत माणसाला जागेवर नाहीसे होता येईल असे ठिकाण असणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

ऑगस्टमध्ये डॉक्टरांनी गोळी बदलली. म्हणाले, "दोन आठवडे ठोके कसे राहतात ते पाहू. घड्याळ आहेच तुमच्याकडे, त्यातले आकडे घेऊन या." आणि नेमके दुसऱ्या दिवसापासून घड्याळाने फोनशी अबोला धरला. आकडे ते आत साठवीत होते, बाहेर देत नव्हते. अशी घड्याळे थोड्या दिवसांचा हिशेब आपल्या पोटात ठेवू शकतात, म्हणून आम्हीही फारसे मनावर घेतले नाही. आठव्या दिवशी, रविवारी सकाळी, ते मघाशी सांगितले तसे थरथरले, चिन्ह दाखवले आणि उंबरठ्यावर थांबले. नव्या गोळीचा पहिला आठवडा त्याच्या पोटात राहिला.

मग सल्ल्यांचा हंगाम सुरू झाला. स्टेशनरोडवरच्या एका टपरीतल्या पोराने घड्याळ हातात घेतले, एकदा बटण दाबले आणि सांगितले, "बोर्ड गेला, नवीन घ्या." एवढ्या जलद निदान करणारा वैद्य मी पाहिला नव्हता. अंधेरीच्या दुरुस्तीकेंद्रात टोकन घेऊन सव्वा तास बसले. तिथल्या गृहस्थांनी सांगितले, की तीन आठवडे लागतील आणि आतले काही शिल्लक राहणार नाही. शेजारच्या काकूंनी तांदळाच्या डब्यात ठेवायला सांगितले. भिजलेल्या वस्तूला हा उपाय करतात. आमचे घड्याळ भिजले नव्हते, पण काकूंना नाही म्हणणे जड जाते म्हणून एक रात्र तेही केले. तांदूळ बिघडले नाहीत, एवढेच म्हणता येईल.

ह्यांचे मत असे पडले, की स्वस्तातले घेतले त्याचा हा परिणाम. त्यावर मुलीने जी हकीकत सांगितली ती मला महत्त्वाची वाटली. त्याच वर्षी १९ जानेवारीला मुंबईची मॅरेथॉन झाली. त्यात धावणारे पुष्कळजण गार्मिनची घड्याळे बांधतात. ती आमच्या घड्याळाच्या कितीतरी पट किमतीची. मॅरेथॉनला नऊ दिवस झाले असतील नसतील, २८ जानेवारीला जगभर त्या कंपनीची नाना प्रकारची घड्याळे एकाएकी अडकली. काचेवर एक निळा त्रिकोण, पुढे काही नाही. घड्याळांत बिघाड नव्हता. उपग्रह कुठे असतील याचा अंदाज त्यांना बाहेरून वेळोवेळी पाठवला जातो; त्या दिवशीची ती फाईल सदोष निघाली, आणि ती वाचता वाचता घड्याळे ठेचकाळली. कंपनीने सांगितलेला उपाय साधा होता: बटण बराच वेळ दाबून धरून घड्याळ पूर्ण बंद करा, पुन्हा सुरू करा आणि फोनशी जोडून नवी फाईल येऊ द्या. ज्यांचे तेवढ्याने भागले नाही त्यांना पुढचे, अधिक कठोर उपाय करावे लागले. तेव्हा महाग-स्वस्ताचा प्रश्न नाही. घड्याळ आता एकटे राहिलेले नाही, हा प्रश्न आहे. नानांच्या एचएमटीला दर सेकंदाला पाच टिकटिक करायला कुणाच्या पत्राची वाट पाहावी लागत नाही.

या सगळ्या काळात नानांनी घड्याळाला हात लावला नव्हता. शुक्रवारी सकाळी त्यांनी ते मागून घेतले, खिडकीपाशी स्टुलावर स्वच्छ फडके पसरले आणि मुलीला एक वही आणायला सांगितली. काही करायचे नाही, आधी बघायचे. बटण दाबायचे, आणि चिन्ह उमटल्यापासून किती सेकंदांनी ते विझते आणि पुन्हा उमटते ते एचएमटीच्या सेकंदकाट्यावर मोजायचे. मुलगी लिहीत होती: अकरा, तेवीस, नऊ, सतरा. कधी विझून पुन्हा उमटे, कधी विझलेलेच राही. दहा वेळा मोजून झाल्यावर नाना म्हणाले, "याला पोटभर मिळत नाही."

"नाना, रात्रभर चार्जिंगला होतं," मुलगी म्हणाली.

"लावलेलं होतं. मिळत होतं की नाही ते कुणी पाहिलं?"

त्यांनी ते उलटे केले. पाठीवर वीज आत घेणारे दोन बारीक ठिपके असतात, मोहरीएवढे. त्यांच्यावर काळपट हिरवी साय धरली होती. पावसाळ्यातला घाम आणि मीठ. जोगेश्वरीच्या हवेत लोखंडाचे कोयंडे गंजतात तिथे हे काय. "बाई," नाना मला म्हणाले (मी शाळेत लागले तेव्हापासून ते मला बाईच म्हणतात), "खोडरबर आहे?" शिक्षिकेच्या पिशवीत खोडरबर नसेल तर कुणाच्या असेल! त्यांनी त्याचा एक कोपरा ब्लेडने टोकदार केला, भिंग डोळ्याला लावून एकेक ठिपका अगदी हलक्या हाताने घासला, मऊ फडक्याने पुसला आणि घड्याळ चार्जिंगला लावले. दोन तासांत ते किंचित कोमट झाले. आठवडाभरात प्रथमच.

मुलीला वाटले, झाले काम. तिने बटण दाबले. चिन्ह उमटले आणि पुन्हा अडकले. तिचा चेहरा पडला. नाना मात्र घड्याळाकडे बघत होते. "मोज," ते म्हणाले. एकेचाळीस सेकंद. पुन्हा एकेचाळीस. पुन्हा, पुन्हा, दर वेळी एकेचाळीस, आणि मग तीच थरथर आणि तेच चिन्ह.

पुढचे त्यांचे बोलणे मी वहीत तसेच लिहून ठेवले आहे, कारण इतकी वर्षे मुलांना शिकवून मला ते इतक्या थोडक्यात सांगता आले नसते. "आधी वाटेल तेव्हा पडत होता, म्हणजे ताकद नव्हती. आता रोज त्याच पायरीवर पडतो. म्हणजे ताकद आहे, पायरी तुटली आहे. दोन बिघाड होते. एक गेला, एक राहिला. पहिला गेल्याशिवाय दुसरा दिसला नसता."

मी मॅट्रिकपुढे शिकले नाही, तेव्हा यंत्राच्या पोटातले माझ्या परीने सांगते. शाळा भरते तेव्हा पहिल्याने शिपाईमामा येतात. कुलूप काढतात, दिवे लावतात, पाटी बाहेर टांगतात. मग मुख्याध्यापिका येतात आणि शाळा चालू होते. घड्याळातही असाच एक शिपाई असतो, लहानसा, कायमचा. काचेवर दिसणारे चिन्ह ही त्याने टांगलेली पाटी. ती दिसते म्हणजे काच शाबूत आहे, विजेचा पुरवठा आहे, मेंदूही जागा आहे. 'बोर्ड गेला' असे मग चटकन म्हणता येत नाही. पाटी टांगून झाल्यावर शिपाई मुख्य कार्यक्रमाला हाक मारतो. त्या कार्यक्रमाची पाने फाटलेली असली, नव्या आवृत्तीची अर्धीच पाने आत आलेली असली, की हाकेला ओ येत नाही. ठराविक वेळ वाट पाहून शिपाई दिवे मालवतो आणि पुन्हा पहिल्यापासून कुलूप काढू लागतो. दर एकेचाळीस सेकंदांनी.

नानांना यात नवल वाटले नाही. मागावर विणताना बाण्याचा धागा तुटला की माग आपोआप थांबतो. तशी योजनाच असते, आणि ती फार जुनी आहे. नवशिक्या माणूस थांबलेला माग पाहून चिडतो आणि पुन्हा चालू करतो. माग पुन्हा थांबतो. जबरदस्तीने चालवलाच तर कापडात धागा नसलेली रेघ पडते आणि दंड कामगाराला बसतो. "थांबलेला माग बिघडलेला नसतो, बाई. तो सांगत असतो. ऐकायला उभं राहायला लागतं." गिरणी सुटून चाळीसहून अधिक वर्षे झाली. ज्या यंत्रांवर ते हे शिकले ती भंगारात गेली, त्या आवारात आता काचेचे मनोरे उभे आहेत. त्या माणसाला उभे राहून ऐकण्याचे जे शिक्षण मिळाले होते त्याचे काय झाले, असे मात्र इतक्या वर्षांत कुणी, आम्हीही, विचारले नव्हते.

मग मुलीने आपल्या ज्ञानाची भर घातली. बाजूचे बटण पंधरा सेकंद दाबून धरायचे, म्हणजे घड्याळ खरोखर बंद होते. नुसते विझणे आणि बंद होणे यांत फरक असतो. तिची सवय अशी, की हेही करून बघायचे, तेही, आणि सगळे एकाच वेळी. नानांनी तिचा हात धरला. "एका वेळी एक. नाहीतर बरा झाला तरी कशाने झाला ते कळणार नाही." पंधरा सेकंद दाबून धरले. बंद झाले. सुरू केले. एकेचाळीस. दुसरा चार्जर आणून पाहिला. एकेचाळीस. माझा फोन जवळ ठेवून, दूर ठेवून पाहिला. एकेचाळीस. वहीची दोन पाने भरली.

शेवटचा उपाय राहिला. दोन्ही बटणे एकदम दाबून धरली, की मुंगीएवढ्या अक्षरांत एक यादी उमटते, आणि तिच्या तळाशी सगळे पुसून कारखान्यातून निघाले तसे करण्याची सोय असते. ह्यांनी तिथे अडवले. आत नव्या गोळीचा सबंध आठवडा आहे, तो पुसायचा कसा? डॉक्टरांना दाखवायचे काय? दुरुस्तीवाल्यांकडेच देऊ, कदाचित कुणी ते आतले काढून देईल, असे त्यांचे म्हणणे. मला दोन्ही बाजू पटत होत्या, आणि दोन्ही बाजू पटणाऱ्या माणसाचा घरात काही उपयोग नसतो.

"कुणाचे ठोके आहेत आत?" नानांनी विचारले.

"तुमचेच, नाना."

"मग मला विचारा की."

ते उठले आणि खिळ्यावरचे कालनिर्णय काढून त्यांनी ह्यांच्यापुढे धरले. ऑगस्टच्या पानावर प्रत्येक तारखेच्या चौकोनात, तिथी-नक्षत्रांच्या फटीत, पेन्सिलीने दोन आकडे लिहिलेले होते: सकाळचा आणि रात्रीचा. ६८, ७४. ७१, ७०. काही आकड्यांवर एक ठिपका, दोनतीन आकड्यांवर दोन. ठिपका म्हणजे ठोका चुकला. दूधवाल्याचा हिशेब असेल असे समजून आम्ही त्या पानावरून रोज नजर फिरवीत होतो. मार्चमध्ये दवाखान्यातल्या नर्सबाईंनी नानांना नाडी धरायला शिकवले होते. पुरे एक मिनिट मोजायचे. पंधरा सेकंद मोजून चौपट केले तर नेमका चुकलेला ठोका निसटतो. तेव्हापासून रोज दोन वेळा, एचएमटीच्या सेकंदकाट्यावर. उजव्या हातावर ते महागाचे यंत्र मोजत असताना डाव्या हातावरचे घड्याळ बघून ते स्वतःही मोजत होते. कुणाला सांगितले नाही. कुणी विचारले नाही.

मला इथे जुन्याचा जयजयकार करायचा नाही. नानांच्या पेन्सिलीला दिवसाची दोन मिनिटे दिसत होती. घड्याळाला रात्रही दिसत होती, आणि गुंफेतली ती पाऊण तासाची स्तब्धताही. ते सगळे आता जाणार होते. ह्यांनी पुन्हा एकदा तसे म्हटले. नाना म्हणाले, "चाललो मी, झोपलो मी. मला ठाऊक आहे." आणि त्यांनी मुलीला खूण केली.

पाच-सात मिनिटे काचेवर एक बारीक वर्तुळ फिरत राहिले. मग चिन्ह उमटले. मुलगी नकळत मोजू लागली होती. एकेचाळीस येऊन गेले, पन्नास झाले, आणि घड्याळ उंबरठा ओलांडून आत आले. भाषा कोणती, असे त्याने विचारले. यादीत हिंदी होती, मराठी नव्हती. नानांनी हिंदी निवडली. कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसू लागली: १ जनवरी १९७०, सकाळचे साडेपाच.

याचेही कारण आहे. पुष्कळ संगणकी यंत्रे काळ मोजतात ती १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून गेलेल्या सेकंदांत. आठवण पुसली की त्यांचा हिशेब शून्यावर येतो. मध्यरात्र ग्रीनिचची, म्हणून आपल्याकडे साडेपाच. मुंबईला हे साडेपाच तासांचे अंतर सुखासुखी पचलेले नाही. शहराची जुनी वेळ त्याहून ३९ मिनिटे मागे होती. १९०६ च्या जानेवारीत नवी वेळ लादली जाते म्हणून गिरणी कामगारांनी माग सोडून दगडफेक केली, आणि शहरात ती जुनी वेळ कुठे कुठे थेट १९५५ पर्यंत चालू राहिली. हे सगळे मी मुलीला सांगत होते. नानांचे लक्ष नव्हते. ते त्या आकड्यांकडे बघत होते.

"गुरुवार होता का गो?" त्यांनी विचारले. मुलीने फोनवर पाहिले. होता.

"पहिली पाळी सातची. साडेपाच म्हणजे मी स्टेशनच्या वाटेवर. घड्याळ नव्हतं तेव्हा. जोगेश्वरीला गिरणीचा भोंगाही ऐकू यायचा नाही. आईच उठवायची."

"आणि आजीला कोण उठवायचं?"

नानांनी जरा विचार केला. "ते कधी विचारलं नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात मुलीने फोन जोडला आणि घड्याळ एका क्षणात पंचावन्न वर्षे पुढे आले.

पुढच्या मंगळवारी आम्ही डॉक्टरांकडे गेलो, कालनिर्णय गुंडाळी करून पिशवीत घेतले होते. डॉक्टरांनी पान उलगडले, ठिपक्यांवरून बोट फिरवले, मागचे जुलैचे पानही पाहिले. घड्याळाची हकीकत त्यांनी अर्धी ऐकली. म्हणाले, "ठिपके वाढले आहेत. पण यावरून गोळी ठरवता येणार नाही, आणि त्या घड्याळावरूनही नसती." त्यांनी होल्टर लावायला सांगितला. छातीला चार-पाच जागी चिकटपट्ट्या लावून तारा जोडतात, कमरेला पाकिटाएवढी डबी अडकवतात, आणि ती चोवीस तास हृदयाचा प्रत्येक ठोका टिपून ठेवते. रोजचे सगळे व्यवहार नेहमीसारखे करायचे, फक्त अंघोळ करायची नाही, आणि काय काय केले ते वेळेसह लिहून ठेवायचे. लिहिण्याचे ऐकून नाना खूश झाले.

घरी आल्यावर त्यांनी मुलीकडून तीच वही मागून घेतली, नव्या पानावर तारीख घातली. चारच्या सुमारास पाऊस थांबला. डाव्या हातावर एचएमटी, उजव्या हातावर ते नवे जन्मलेले घड्याळ, सदऱ्याखाली तारा आणि कमरेला डबी, अशा थाटात ते चपला घालू लागले. मी शाळेतून रजा घेतली होती. विचारले, "गुंफेत जाणार का?"

"याला चालेल का तिथे?" त्यांनी कमरेला हात लावून विचारले.

"चालेल," मी म्हटले. "याला आकाश लागत नाही."

त्यांनी वहीत वेळ लिहिली, ती खिशात घातली आणि जिना उतरू लागले.